सौदाही त्याचा, हिशेबही त्याचाच

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २३ सप्टेंबर २०२४ रोजी फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दलचा अहवाल जाहीर केला, तेव्हा त्यातला एक आकडा सगळ्यांनी ठळक छापला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये, आणि सगळ्यांचा मिळून एक लाख ८० हजार कोटींच्या वर. त्याच अहवालातला दुसरा एक आकडा मात्र फारसा चर्चेत आला नाही. लागोपाठ दोन वर्षे पैसे घालवलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोक तिसऱ्या वर्षीही ट्रेडिंग करतच राहिले.

पहिला आकडा बाजाराचा आहे, दुसरा माणसाच्या मनाचा. किराणा दुकान लागोपाठ दोन वर्षे तोट्यात गेले, तर तिसऱ्या वर्षी घरात बैठक बसते. बायको विचारते, भाऊ वही मागतो, माल देणारा घाऊक व्यापारी हात आखडता घेतो. मोबाइलवरच्या ट्रेडिंगला असे विचारणारे कुणी नसते. सौदा करणारा तोच, वही ठेवणारा तोच आणि ती वही उघडायची की नाही हे ठरवणाराही तोच. बाजारातल्या शिस्तीची खरी अडचण इथे आहे.

ट्रेडिंगच्या मानसशास्त्रावर बोलणारे बहुतेक जण लोभ आणि भीती या दोन शब्दांपाशी थांबतात. भावनांवर ताबा ठेवा, संयम बाळगा, ठरलेल्या नियमाला धरून राहा. उपदेशात चूक काही नाही. पण तो सकाळी शांत डोक्याने ऐकायचा असतो आणि पाळायची वेळ येते ती भाव डोळ्यांसमोर घसरत असताना. या दोन वेळांमध्ये एकाच माणसाच्या डोक्यात काय घडते, हे जवळून पाहण्यासारखे आहे.

निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीचा, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याचा, दिवस धरू. सकाळी साडेदहाला एका तरुणाने थोड्या वरच्या स्ट्राइकचा कॉल, म्हणजे निफ्टी वर जाईल यावर लावलेला ऑप्शन, ८० रुपयांना घेतला, दोन लॉट. नोव्हेंबर २०२४ मध्ये निफ्टीचा लॉट ७५ चा झाला होता, त्या हिशेबाने १५० नग आणि १२ हजार रुपये. घेतानाच त्याने ६० वर स्टॉपलॉस लावला, म्हणजे भाव तिथे आला की आपोआप विक्री. फार तर तीन हजार जातील, हे त्याला मान्य होते. साडेअकराला भाव ६३ झाला. इथे त्याचे बोट स्टॉपलॉसच्या ऑर्डरवर गेले आणि ६० चे ५० झाले, कारण ‘इथून नक्की उसळी येईल’ असे वाटत होते. भाव ५२ वर आला तेव्हा त्याने ती ऑर्डर रद्दच केली. ४० वर आणखी दोन लॉट घेतले, म्हणजे सहा हजार रुपये आणखी आत गेले. आता सरासरी ६० झाली, केवळ २० रुपयांची उसळी पुरे होती. उसळी आली नाही. निफ्टी कोसळलाही नाही, नुसता जागच्या जागी घुटमळत राहिला. पण एक्स्पायरीच्या दिवशी वेळ सरत जाते तसा अशा ऑप्शनचा भाव विरघळत जातो. पावणेतीनला तो १२ रुपये होता, साडेतीनला शून्य. सकाळी तीन हजारांचा तोटा मान्य करून बसलेला माणूस संध्याकाळी १८ हजार घालवून उठला.

त्याचा सकाळचा अंदाज चुकला हे काही मोठे नाही. अंदाज सगळ्यांचेच चुकतात. तीन हजारांचे १८ हजार झाले ते अंदाजामुळे नाही, दुपारच्या तीन निर्णयांमुळे. आणि ते तिन्ही निर्णय असे होते, की सकाळी कुणी विचारले असते तर त्यानेच ते वेडेपणाचे ठरवले असते.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त नेमका इथे लागू पडतो. माणसाला शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याच्या जवळपास दुप्पट दुःख शंभर रुपये गेल्याचे होते. एवढेच असते तर माणूस तोट्याला घाबरून लवकर बाहेर पडला असता. पण त्यांच्या मांडणीतला महत्त्वाचा भाग पुढे आहे. नफ्यात असलेला माणूस जपून वागतो, हातचे सोडत नाही. तोच माणूस तोट्यात गेला की जुगार खेळायला तयार होतो, कारण ठरावीक तोटा पत्करण्यापेक्षा सगळे भरून निघण्याची अंधूक शक्यता त्याला जवळची वाटते. काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते या प्रकारच्या कामासाठी.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ टेरन्स ओडीन यांनी एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासून हे बाजारात दाखवून दिले. लोक नफ्यातले शेअर तोट्यातल्या शेअरांपेक्षा सुमारे दीडपट वेगाने विकत होते. विकून टाकलेल्या त्या नफ्यातल्या शेअरांनी पुढच्या वर्षभरात सरासरीने, जवळ ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा अधिक परतावा दिला. आपल्याकडे दहा टक्के वर आलेला चांगला शेअर विकून मोकळे होणारे आणि साठ टक्के पडलेला शेअर ‘विकला नाही म्हणजे तोटा नाही’ म्हणत सांभाळणारे प्रत्येक घरात सापडतील.

हे केवळ विचारांचे दौर्बल्य नाही, शरीरही त्यात असते. केंब्रिजच्या संशोधकांनी लंडनमधल्या १७ ट्रेडरांच्या लाळेचे नमुने रोज तपासले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की बाजार जेवढा अस्थिर तेवढे त्यांच्या शरीरातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. ही मंडळी व्यवसायाने ट्रेडर होती. घरी बसून पगारातले पैसे लावणाऱ्याने केवळ मनाच्या निग्रहावर विसंबावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

म्हणून शिस्त मनात शोधण्यापेक्षा व्यवस्थेत शोधावी लागते. व्यवस्था नसेल तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण बेअरिंग्ज बँकेचे आहे.

बेअरिंग्ज ही १७६२ मध्ये स्थापन झालेली लंडनची बँक. तिचा सिंगापूरमधला कर्मचारी निक लीसन जपानच्या निक्केई निर्देशांकाचे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे पाहत असे. जुलै १९९२ मध्ये त्याने ८८८८८ क्रमांकाचे एक खाते उघडले. चुकीच्या सौद्यांची तात्पुरती नोंद करण्यासाठी अशी खाती असतातच. लीसनने त्यात तोटे दडवायला सुरुवात केली. १९९२ च्या अखेरीस त्यात २० लाख पौंडांचा तोटा होता. १९९३ च्या अखेरीस २ कोटी ३० लाख. १९९४ च्या अखेरीस २० कोटी ८० लाख. मधल्या काळात लंडनमधले वरिष्ठ त्याला बँकेचा सर्वांत यशस्वी ट्रेडर समजत होते, कारण त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या कागदांवर फक्त नफा होता.

निक्केई फार हलणार नाही, अशा अंदाजावर त्याने मोठ्या प्रमाणावर ऑप्शन्स विकले होते. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहराला भूकंपाचा तडाखा बसला आणि त्यानंतर निक्केई गडगडला. इथे दुपारच्या त्या तरुणासारखाच लीसन वागला, फक्त रकमा वेगळ्या होत्या. त्याने सौदे बंद केले नाहीत. बाजार वर येईल म्हणून फ्युचर्सची आणखी खरेदी केली, मग त्याहून मोठी. फेब्रुवारीच्या अखेरीस तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला, बँकेच्या भांडवलापेक्षा अधिक. २३३ वर्षांची बँक बुडाली आणि आयएनजी या डच समूहाने ती एका पौंडाला विकत घेतली. लीसनला सिंगापूरच्या न्यायालयाने साडेसहा वर्षांची शिक्षा सुनावली.

लीसनचा लोभ किंवा भीती हे या प्रकरणाचे निम्मेच कारण आहे. उरलेले निम्मे कारण साधे आणि कारकुनी स्वरूपाचे होते. सौदे करणारा विभाग आणि त्या सौद्यांच्या नोंदी व पैशांचा मेळ घालणारा विभाग, दोन्ही त्याच्याच ताब्यात होते. बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षणाने १९९४ मध्येच या गोष्टीवर बोट ठेवले होते. दोन कामे दोन माणसांकडे द्या, एवढी ती सूचना होती. ती वेळेवर अमलात आली असती तर ८८८८८ हे खाते बऱ्याच आधी उघडे पडले असते.

आज मिरजेत, नांदेडमध्ये किंवा डोंबिवलीत घरी बसून ट्रेडिंग करणारा प्रत्येक जण या अर्थाने लीसनच्याच खुर्चीत बसलेला असतो. सौद्याचा आणि हिशेबाचा, दोन्ही विभाग त्याच्याकडे. मोठ्या संस्थांच्या ट्रेडिंग विभागात जोखमीवर लक्ष ठेवणारा वेगळा अधिकारी असतो. मर्यादा ओलांडली की ट्रेडरला कितीही खात्री वाटत असली तरी तो सौदा कापायला लावतो. घरच्या ट्रेडरला असा अधिकारी नाही. त्याचे ८८८८८ वेगवेगळ्या रूपांत असते. इंट्राडे घेतलेला शेअर पडला की तो संध्याकाळी डिलिव्हरीत जातो आणि अचानक ‘लाँग टर्म’ होतो. एका ब्रोकरकडे तोटा फार दिसू लागला की दुसरीकडे, कधी आईच्या तर कधी पत्नीच्या नावाने, नवे खाते उघडते. घरात नफ्याच्या दिवसाचा स्क्रीनशॉट दाखवला जातो, तोट्याचा दिवस ‘बाजार बंद झाला’ एवढ्यावर आटोपतो. यात फसवणुकीचा हेतू क्वचितच असतो. माणूस बहुधा स्वतःपासूनच लपवत असतो.

यशस्वी ट्रेडरांनी या अडचणीवर काय उपाय काढला, ते रिचर्ड डेनिस यांच्या प्रयोगातून कळते. शिकागोच्या या नामांकित ट्रेडरने १९८३ मध्ये आपले सहकारी विल्यम एकहार्ट यांच्याशी पैज लावली. ट्रेडिंग शिकवता येते असे डेनिस म्हणत, ते उपजत असते असे एकहार्ट. वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन माणसे निवडली गेली, त्यांना दोन आठवडे शिकवून डेनिस यांनी स्वतःचे पैसे त्यांच्या हाती दिले. या शिष्यांना त्यांनी ‘टर्टल्स’ नाव दिले. नियम आश्चर्य वाटावे इतके साधे होते. भावाने गेल्या २० किंवा ५५ दिवसांतला उच्चांक मोडला की खरेदी, नीचांक मोडला की विक्री. कधी बाहेर पडायचे तेही आधीच ठरलेले. आणि एका सौद्यात खात्यातल्या दोन टक्क्यांहून अधिक रक्कम धोक्यात घालायची नाही.

या पद्धतीत निम्म्याहून अधिक सौदे तोट्यात जात. थोडे सौदे खूप मोठा नफा देत आणि बाकीचे सगळे भरून काढत. अडचण ही की लागोपाठ आठ-दहा वेळा तोटा खाल्ल्यावर अकरावा सौदा तितक्याच निर्विकारपणे करायचा असे, कारण नेमका तोच मोठा नफा देणारा असू शकतो. नियम सगळ्यांना तेच होते, तरी निकाल माणसागणिक वेगळे आले. काहींनी नाव कमावले, काहींना कार्यक्रमातून बाहेर पडावे लागले. स्वतः डेनिस यांनाही १९८७-८८ मध्ये जबर तोटा सोसावा लागला.

दोन टक्क्यांचा तो नियम दिसतो त्याहून फार महत्त्वाचा आहे. एक लाखाच्या खात्यावर दर वेळी दोन टक्के धोका घेणारा लागोपाठ दहा सौद्यांत हरला, तर त्याच्याकडे ८१ हजारांच्या वर शिल्लक राहतात. दर वेळी दहा टक्के लावणाऱ्याकडे उरतात साधारण ३५ हजार. पहिल्याला पूर्ववत व्हायला सुमारे २२ टक्के कमवावे लागतात, दुसऱ्याला १८७ टक्के. हे गणित मनाच्याही कामी येते. तीन टक्के गेलेला माणूस जेवून झोपतो. साठ टक्के गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सगळे एकाच सौद्यात परत मिळवायला बसतो. सौद्याचा आकार लहान ठेवला तर भावनांवर ताबा मिळवण्याची वेळच फारशी येत नाही, आणि शिस्तीचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच आहे.

आकार ऐपतीबाहेर गेला की काय होते, ते पाहायला जून २०२४ चा पहिला आठवडा आठवावा. शनिवारी लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल आले, सोमवारी ३ तारखेला सेन्सेक्स ७६,४६८ वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणीच्या दिवशी तो ४,३९० अंकांनी कोसळून ७२,०७९ वर आला; दिवसात एका क्षणी घसरण सहा हजारांच्या पुढे गेली होती. शुक्रवारी ७ तारखेला तो ७६,६९३ वर होता, सोमवारच्याही वर. आठवडाभर तेजीचा अंदाज बाळगणारा म्हणजे बरोबरच होता. तरी ज्यांनी ऐपतीबाहेर फ्युचर्स घेतले होते, त्यांचे सौदे मंगळवारीच मार्जिनअभावी कापले गेले. बरोबर ठरेपर्यंत ते बाजारात उरलेच नाहीत. मुंबईने याहून मोठा तडाखा १८६५ मध्ये सोसला आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, त्या युद्धाने आणलेली कापसाची तेजी ओसरली आणि १ जुलैला मुदत भरलेले वायद्याचे सौदे पुरे करायला पैसेच नव्हते. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा सम्राटही त्या पडझडीत वाचला नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलली पाहिजे. शिस्त असली म्हणजे नफा होतो, असे नाही. ट्रेडिंग शिकवणारे क्लासवाले नेमके हेच सुचवतात आणि ते खोटे आहे. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा असतो, आणि ब्रोकरेज, कर व एक्स्चेंजचे शुल्क वजा केल्यावर सगळ्यांची मिळून बेरीज उणे होते. समोरच्या बाजूला कोण आहे तेही सेबीच्या अहवालात आहे. २०२३-२४ मध्ये संस्थांच्या स्वतःच्या पैशावर ट्रेडिंग करणाऱ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये कमावले. त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक नफा संगणकीय अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला. वेग, भांडवल आणि माहिती यांत घरच्या ट्रेडरने त्यांची बरोबरी करणे शक्य नाही. तीन वर्षांत खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक कमावणारे वैयक्तिक ट्रेडर एक टक्का होते.

अनुभवाने हात बसेल, हीही आशा फोल आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी तिथल्या शेअर निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये नव्याने उतरलेल्या डे ट्रेडरांचा माग काढला. तीनशेहून अधिक दिवस चिकाटीने टिकून राहिलेल्यांपैकीही ९७ टक्के तोट्यात होते. आपल्याकडे सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडे शेअर ट्रेडिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दहांपैकी सात जण तोट्यात निघाले. वर्षात पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण दहांत आठ होते. अधिक सौदे म्हणजे अधिक सराव, हा समज बाजारात उलटा ठरतो. ट्रेडर सौद्यागणिक हरो वा जिंको, खर्च मात्र प्रत्येक सौद्याला द्यावाच लागतो.

तरीही या बाजाराकडे ओढा वाढत गेला आणि तो सर्वाधिक तरुणांचा होता. फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक ट्रेडरांत तिशीच्या आतले २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होते, पुढच्याच वर्षी ४३ टक्के झाले. तीन चतुर्थांश ट्रेडरांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे नोंदवले आहे. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून लॉटचा आकार वाढवला, साप्ताहिक एक्स्पायऱ्या कमी केल्या. तरी त्या २०२४-२५ या वर्षात वैयक्तिक ट्रेडरांचा निव्वळ तोटा ७४,८१२ कोटींवरून एक लाख पाच हजार ६०३ कोटींवर गेला. ज्या वयात पहिली बचत उभी राहायची त्या वयात ती अशी जाते आहे, आणि बहुतेक घरांत त्याचा पत्ताही नाही. महाराष्ट्र हे देशात सर्वाधिक नोंदणीकृत गुंतवणूकदारांचे राज्य आहे, तेव्हा हा प्रश्न इथल्या घराघरांचा आहे.

जुलै २०२३ पासून ब्रोकरांना ग्राहकाने लॉगिन करताच ‘दहांपैकी नऊ जणांना तोटा होतो’ ही सूचना दाखवावी लागते. ती वाचून प्रत्येकाला आपण दहावे आहोत असेच वाटते आणि ‘समजले’ या बटणावर बोट पडते. नऊ जणांची गोष्ट सांगण्याऐवजी त्या ग्राहकाला त्याचीच गोष्ट सांगितली पाहिजे. लॉगिन होताच, सौद्याच्या पडद्याआधी, गेल्या तीन वर्षांतला त्याचा स्वतःचा निव्वळ नफा-तोटा सगळे खर्च धरून मोठ्या अक्षरांत दिसला पाहिजे. आकडा ब्रोकरकडे तयार असतो, दाखवायला खर्च काही नाही. दुसरी गरज दिवसाच्या तोट्याच्या मर्यादेची आहे. ग्राहकाने ती सकाळी ठरवावी आणि त्या दिवसात त्याला स्वतःलाही ती वाढवता येऊ नये. काही अ‍ॅपमध्ये ‘किल स्विच’ आहे, तो दाबला की काही तास ट्रेडिंग बंद होते. पण तो शोधून दाबावा लागतो, आणि ज्याला गरज असते तो त्या क्षणी दाबत नाही. सेबीने या दोन्ही गोष्टी सर्व ब्रोकरांना सक्तीच्या कराव्यात.

सेबी हे करेपर्यंत थांबायचे कारण नाही. ब्रोकरच्या संकेतस्थळावर ‘टॅक्स पी अँड एल’ किंवा तशाच नावाचा अहवाल मिळतो. ट्रेडिंग करणाऱ्यांनी गेल्या तीन वर्षांचे, आपल्या नावावरच्या आणि घरच्यांच्या नावावर चालवलेल्या सगळ्या खात्यांचे हे अहवाल या रविवारी उतरवून घ्यावेत आणि खर्चासकट बेरीज करावी. तोटा निघाला तर तो आयकर विवरणपत्रात जरूर दाखवावा; मुदतीत भरले तर फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा पुढे आठ वर्षे ओढता येतो. मग तो कागद घरातल्या एका माणसाच्या हाती द्यावा आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी तोट्याची मर्यादा ठरवण्याचा अधिकारही त्यालाच द्यावा. ती मर्यादा ओलांडली गेली, तर खात्यातला फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद करण्याचा अर्ज त्याच दिवशी ब्रोकरकडे द्यावा.